तेलाचा दंड टॉवेलवाल्यांनी का भरायचा? केंद्र सरकारला सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय आणि वस्त्रोद्योग मंत्रालय,
नवी दिल्ली.

सोलापूर, डिसेंबर २०२५

स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चेकिंग-पॅकिंगला आहे. या दिवाळीला मला त्या टेबलावर एकोणीस वर्षं झाली. मागावरून उतरलेला टॉवेल कापून, कडा शिवून माझ्यासमोर येतो. ट्यूबलाइटखाली तो पसरायचा, दोन्ही तळहात आधी एका अंगाने आणि मग दुसऱ्या अंगाने फिरवायचे. सुटलेला धागा कात्रीने काढायचा, किनार तुटली असेल तर टॉवेल बाजूला टाकायचा. यंत्राच्या तेलाचा डाग असेल तर वेगळा गठ्ठा करायचा, कारण तो डाग धुऊनही नीट निघत नाही आणि तो माल परदेशी जात नाही. मग घडी, लेबल, किमतीचा स्टिकर, पिशवी, खोका. स्टिकरवर डॉलरमध्ये छापलेली किंमत मी रोज हाताने चिकटवते, त्यामुळे हा टॉवेल अमेरिकेत केवढ्याला विकला जातो हे मला कुणी सांगावं लागत नाही.

ऑगस्टच्या शेवटी ते खोके भिंतीला लागले. दिवाळी गेली, थंडी आली, तरी त्यातले बरेचसे अजून तिथेच आहेत. सहा दिवसांचं काम चार दिवसांवर आलं. मजुरी पीसवर असल्यामुळे दोन दिवस काम नाही म्हणजे दोन दिवस पैसा नाही. हे पत्र त्या दोन दिवसांबद्दल आहे.

घडलं काय ते आपल्याला माहीत आहे. पण हे पत्र इतरांनीही वाचावं म्हणून लिहिते. ७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारताच्या मालावर २५ टक्के शुल्क लावलं. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी दुसरा आदेश काढला होता: भारत रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के, २७ ऑगस्टपासून. एकूण ५० झाले. टॉवेलवर पूर्वीपासूनच साधारण ९ टक्के जकात आहे, ती धरली की ५९ होतात. पाकिस्तानच्या मालावर तोच आकडा १९, बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर २०, तुर्कस्तानच्या मालावर १५. पाकिस्तान आणि तुर्कस्तान हे दोघेही टॉवेल विणणारे देश आहेत. त्यातला तुर्कस्तान तर आपल्यासारखंच रशियाचं तेल घेतो. सगळ्यात जास्त घेतो तो चीन, त्याच्यावरही या कारणासाठी दंड लागला नाही.

हे शुल्क भरतो कोण, यावरही गैरसमज आहे. सरकारी तिजोरीतून ते जात नाही. माल अमेरिकेच्या बंदरात उतरला की तिथला आयातदार ते भरतो. पण तो एकटा कशाला सोसेल? तो निर्यातदाराला फोन करतो, भाव कमी करा म्हणतो, नाहीतर ऑर्डर पाकिस्तानला देतो म्हणतो. निर्यातदार आमच्या मालकाला सांगतो, मालक जॉबवर विणून देणाऱ्या आठ-दहा मागवाल्याला सांगतो आणि तो आपल्या विणकराला सांगतो. विणकराच्या खाली कुणीच नाही. उरलेला भार अमेरिकेतली जी बाई दुकानात जाऊन तो टॉवेल उचलते तिच्यावर पडतो. ती बाई माझी शत्रू नाही. तिचाही पगार ठरलेला असेल आणि तिच्याही घरात महिनाअखेर येत असेल.

माझी पहिली तक्रार त्यांच्या आदेशाबद्दलच आहे, पण ती आपल्यासमोर ठेवायला हवी, कारण आपण ती मोठ्याने मांडलेली मी ऐकली नाही. दंड तेलासाठी लावला, आणि त्या दंडातून तेलालाच सूट दिली. शुल्कातून वगळलेल्या वस्तूंच्या यादीत कच्चं तेल आहे, पेट्रोलियम पदार्थ आहेत, औषधं आहेत, स्मार्टफोन आहेत. म्हणजे रशियाचं तेल आणून, शुद्ध करून त्याचं डिझेल अमेरिकेला विकलं तर हा दंड नाही. सोलापुरात सूत विणून टॉवेल विकला तर दंड. मी हे वाचलं तेव्हा आधी वाटलं माझीच समजण्यात चूक होते आहे. आमच्या कारखान्यातल्या हिशेब बघणाऱ्या मुलाकडून दोनदा खात्री करून घेतली. चूक नव्हती.

आता आपल्याकडे येते.

२०२२ च्या आधी आपण बाहेरून आणतो त्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने पाठ फिरवली, डिसेंबर २०२२ मध्ये सात श्रीमंत देशांनी त्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली, आणि रशिया सवलतीत विकायला लागला. आपण घेतलं. वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. मी त्याला विरोध करत नाही. युक्रेनमध्ये रोज माणसं मरतात याचं मला दुःख आहे, आणि ते युद्ध थांबावं असं मनापासून वाटतं. पण कुणाकडून काय घ्यायचं हे दुसऱ्या देशाने ठरवावं, आणि ठरवणाऱ्याने स्वतः रशियाकडून युरेनियम, पॅलेडियम, खतं घेत राहावं, हे मला मान्य नाही. आपल्या परराष्ट्र खात्याने ४ ऑगस्टला तसं स्पष्ट सांगितलं, त्याचा मला अभिमान वाटला.

पण त्या स्वस्त तेलातलं माझ्या घरात काय आलं? मार्च २०२४ मध्ये पेट्रोल लिटरमागे दोन रुपयांनी उतरलं. या एप्रिलमध्ये गॅसची टाकी पन्नास रुपयांनी चढली. आपण म्हणाल, २०२२ मध्ये जगात भाव भडकले असताना आम्ही अबकारी कर कमी केला, सरकारी कंपन्यांनी तोटा सोसला, रशियाचं तेल नसतं तर भाव अजून चढले असते. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण भाव पुढे उतरले, सवलतही बराच काळ चालू राहिली, आणि शुद्धीकरण कारखान्यांना त्यातून नफा झाला. तो नफा ‘देशाचा’ म्हणून कुणी वाटला नाही. तोटा मात्र ‘देशाचा’ म्हणून आमच्या टेबलावर आला. ‘देश झुकणार नाही’ हे वाक्य मी टीव्हीवर अनेकदा ऐकलं. देशाने झुकू नये असं मलाही वाटतं. माझं म्हणणं एवढंच की न झुकण्याचा खर्च कुणाच्या हिशेबी मांडला आहे ते सांगा. आज तो सोलापूरच्या टॉवेलवाल्यांच्या, तिरुप्पूरच्या बनियनवाल्यांच्या, सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणाऱ्यांच्या आणि आंध्रच्या कोळंबीवाल्यांच्या नावावर मांडलेला आहे.

माझे वडील सोलापुरात गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडल्यावरही ते वाचनालयात जायचे आणि घरी येऊन आम्हा भावंडांना वाचलेलं सांगायचे. त्यातली एक हकिकत या चार महिन्यांत मला सारखी आठवते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेचा कापूस गुलामांच्या हातचा, आणि तोच कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागायचा. कापूस थांबला, गिरण्या थांबल्या, लाखो कामगार उपाशी पडले. गुलामांच्या मालकांशी संधान बांधा, नाकेबंदी मोडून काढा, असा दबाव इंग्लंडच्या सरकारवर होता. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरमध्ये कामगारांची सभा भरली आणि त्यांनी अब्राहम लिंकन यांना पत्र पाठवलं की गुलामगिरी संपवण्याच्या कामात आम्ही तुमच्या बाजूने आहोत. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ ला उत्तर दिलं, आणि पुढे अमेरिकेहून पिठाची पिंपं भरलेलं जहाज त्या भुकेल्या कामगारांसाठी आलं. सगळ्याच गिरणगावांचं असं एकमत नव्हतं, वडील तेही सांगायचे. पण पोट रिकामं असताना विचार करून हो म्हणणारे कामगार तिथे होते, आणि त्यांना पत्राचं उत्तर आलं.

हकिकतीचा दुसरा भाग आपल्याकडचा आहे. अमेरिकेचा कापूस थांबला म्हणून इंग्लंडने हिंदुस्थानचा कापूस मागितला. आखूड धाग्याचा तो कापूस मागावर सारखा तुटायचा, लँकेशायरचे विणकर त्याला वैतागायचे. पण भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा चालला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये यादवी संपली आणि सगळं कोसळलं. मुंबईतले काही व्यापारी बुडाले, काही सावरले. खेड्यात मात्र उधारी थांबली, सावकाराने वसुली लावली, शेतसारा वाढलेला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. सात समुद्रापलीकडच्या नाकेबंदीत नफा कुणी कमावला आणि तिचं शेवटचं बिल कुणाकडे आलं, हे आमच्या मातीत एकदा लिहून झालेलं आहे.

म्हणून मी प्रत्येक बंदीला, बहिष्काराला, दंडाला एकच प्रश्न विचारते: ज्यांच्या ताटातलं जाणार आहे त्यांना विचारलं का? १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेव्हा आपला देश स्वतंत्रही झाला नव्हता, तरी वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिला. पुढे तिथल्या काळ्या जनतेच्या पुढाऱ्यांनी स्वतःच जगाला सांगितलं की आमच्या देशाचा माल घेऊ नका, आम्हाला त्रास होईल, आम्ही सोसू. ती बंदी मला न्याय्य वाटते. १९९० मध्ये इराकवर संयुक्त राष्ट्रांनी बंदी घातली, ती तेरा वर्षं चालली. तिथल्या राज्यकर्त्याच्या महालांना काही कमी पडलं नाही. औषधं आणि शुद्ध पाणी सामान्यांना कमी पडलं. संयुक्त राष्ट्रांचे तिथले मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी याच्या निषेधार्थ १९९८ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. इराकच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं. आम्हालाही कुणी विचारलं नाही. वॉशिंग्टनने विचारलं नाही हे मी समजू शकते, आम्ही त्यांचे मतदार नाही. दिल्लीने का विचारलं नाही?

आता आपण दिलेल्या मदतीबद्दल. मदत दिलीच नाही असं मी म्हणणार नाही.

१९ ऑगस्टला आपण बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. सांगितलं की कापड उद्योगाला दिलासा. माझी मावसबहीण परभणी जिल्ह्यात दिलेली आहे, चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पावसाने तिचा कापूस आधीच भिजला होता, त्यात वेचणीच्या दिवसांत बाहेरचा माल बिनशुल्क येणार म्हणून व्यापारी भाव पाडून मागत होता. सरकारी खरेदीला नोंदणी, ओलाव्याची अट आणि रांग. तिने घरातली नड भागवायला हमीभावाच्या खाली विकला. फोनवर मला म्हणाली, “ताई, तुमचं सूत स्वस्त व्हावं म्हणून आमचा कापूस पडला म्हणतात. मग तुझं काम तरी सुरू झालं का?” मी काय सांगणार होते? एका आजीच्या दोन नाती, एकीचा तोटा भरून काढायला दुसरीच्या पदरात हात घातला, आणि पहिलीचे दोन दिवस अजून रिकामेच आहेत. परदेशाने लावलेला दंड आपण देशातल्या देशात फिरवला, तोही खालच्या माणसाकडून खालच्या माणसाकडे. या पत्रातली माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे.

नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहनासाठी २५,०६० कोटींचं अभियान मंजूर केलं, निर्यातदारांच्या कर्जाला २०,००० कोटींपर्यंत हमी दिली. रिझर्व्ह बँकेने निर्यातदारांचे १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. चांगलं आहे. पण सोलापूरच्या पूर्व भागात घराच्या मागच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चार-आठ माग चालवणारा माणूस कागदावर निर्यातदार नाही. त्याचा माल निर्यातदाराच्या नावाने जातो. त्याच्या मागाचं कर्ज साधं कर्ज आहे, त्याला ही मुभा कुठून मिळणार? आणि त्याच्याकडे विणणाऱ्याचा तर कुठेच उल्लेख नाही. मी वाचल्या तेवढ्या घोषणांमध्ये, मदत घेणाऱ्याने कामगार टिकवले पाहिजेत, मजुरी चालू ठेवली पाहिजे, अशी अट मला सापडली नाही.

ले-ऑफचं, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलेल्याच्या भरपाईचं, म्हणाल तर पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला ती भरपाई लागूच नाही, आणि आमच्याकडचे बहुतेक कारखाने त्याहून लहान. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, अटल बीमित योजना काम सुटलेल्याला आहे, अर्धं काम गेलेल्याला नाही. आजारपणाच्या भत्त्याला सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. आम्ही चारवरून तीन दिवसांवर आलो तर सव्वीस आठवड्यांचे बरोबर ७८ होतात. त्यात मुलाच्या तापासाठी एक दिवस घरी राहिले की ७७. हा हिशेब मी पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिला आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई आता उरलेल्या दोन दिवसांत घरी विड्या वळते. तिच्या आईने आयुष्यभर तेच केलं, आणि त्यातून सुटायला म्हणून ही कारखान्यात आली होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अमेरिकेशी बोलणी चालू आहेत असं आपण सांगता. त्या बोलण्यात काय द्यायचं आणि काय घ्यायचं हे ठरण्याआधी सोलापूर, इचलकरंजी, तिरुप्पूर, सुरत इथल्या कामगार संघटनांना आणि कापूस उत्पादकांना समोर बसवा. फक्त निर्यातदारांच्या मंडळांना बोलावून ‘उद्योगाशी चर्चा केली’ म्हणू नका. उद्योगात आम्हीही आहोत.

कापसावरची शुल्कमाफी ३१ डिसेंबरच्या पुढे एक दिवसही वाढवू नका. ज्यांनी ती असताना हमीभावाखाली कापूस विकला, त्यांना फरकाची रक्कम द्या. बाजार समितीच्या पावत्या त्यांच्याकडे आहेत.

दंडामुळे काम कमी झालेल्या कामगाराला बुडालेल्या दिवसांची निम्मी मजुरी मिळावी. कारखाना पन्नासच्या वर आहे की खाली हे बघू नका. त्या काळात ईएसआयच्या दिवसांची अट शिथिल करा, भविष्य निर्वाह निधीचा खंड माफ करा. कर्जहमी ज्या कारखान्याला मिळेल त्याला कामगार न कमी करण्याची अट घाला, आणि जॉबवर विणणाऱ्या यंत्रमागधारकालाही हप्त्याची तीच मुभा द्या.

यासाठी पैसा कुठून आणायचा, तर जिथे या व्यवहारातला नफा आहे तिथून. २०२२ पासून सवलतीच्या रशियन तेलावर शुद्धीकरण कंपन्यांनी, सरकारी आणि खाजगी दोन्ही, किती कमावलं ते कंपनीनिहाय संसदेत मांडा. त्यावर ठरावीक हिस्सा वसूल करून दंडग्रस्त उद्योगांच्या कामगारांसाठी निधी उभारा. २०२२ च्या जुलैमध्ये आपण तेल कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर कर लावलाच होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो काढून टाकला. म्हणजे असा कर लावता येतो हे आपल्याला माहीत आहे.

आणि एक मागणी सोलापूरच्या बाहेरची. भारत संयुक्त राष्ट्रांत एकतर्फी आर्थिक निर्बंधांविरुद्ध बोलतो. तिथे हेही मांडा की कुठल्याही देशावर निर्बंध लावताना अन्न आणि औषधं वगळली जावीत, आणि ती कागदावर नव्हे तर खरोखर पोचावीत, पैसे पाठवायच्या बँकेच्या वाटेसकट. उद्या आपण कुणावर व्यापारबंदी घालू, तेव्हा आपल्यालाही हाच नियम लागू राहील.

या पत्राखाली मी नाव घालत नाही, कारण चार दिवसांचं काम आहे ते मला टिकवायचं आहे. पण आमच्या खात्यातल्या सगळ्या बायकांनी हे वाचून घेतलं आहे, आणि दोन ठिकाणी त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी बदल केले आहेत. आपलं उत्तर मराठीत यावं, आणि तेलुगूतही, कारण आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तीच भाषा आहे. उत्तर जाहीर द्या. त्याची प्रत काढून आम्ही पाण्याच्या टाकीजवळच्या फळ्यावर लावू. तिथे सगळे थांबतात.

आपली,
टॉवेल चेकिंग-पॅकिंग कामगार,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर